कोऱ्या बोटांचा दिवस

"तुजी रिक्षा तुला बसाला ठेव रे रविंदर! मना चिखलान उतराचा हाय, लग्नाला नाय जायाचा."

सेसिलियाबाय हे बोलली तेव्हा तिचे दोन्ही हात जवळ्यात होते. कोलशेतच्या मतदान केंद्रासमोर, पोलिसांनी आखलेल्या रेघेच्या जरा अलीकडे, गावातल्या बाया चटया टाकून बसलेल्या आणि सुका जवळा निवडत होत्या. रवींद्र उमेदवाराचा माणूस; मत दिल्यावर खाडीवर सोडायला रिक्षा देऊ करत होता. दर खेपेला ह्या गावची मतं त्याच्या खिशात असल्यासारखी असायची. आज एक बाई उठेना.

"मावशी, मतदान आपला हक्क आहे."

"वाट पन हक्काचीच व्हती. तिच्यावर पत्रा कोनी ठोकला?"

ती वाट गावच्या क्रूसाला वळसा घालून खाडीवर उतरायची. सुकती लागली, म्हणजे पाणी मागे सरलं, की बाया टोपली न् कोयती घेऊन निघायच्या. चिखलातल्या बिळात हात घालून चिंबोऱ्या काढायच्या, दगडावरची कालवं फोडायच्या. त्यावरच चुली पेटायच्या. मग टॉवर उभे राहिले आणि बिल्डरने वाटेवर पत्रे मारले. मोठ्या रस्त्याने फिरून जावं, तर खाडी गाठेस्तोवर पाणी परत चढलेलं. साहेबलोकांनी नकाशा पसरून सांगितलं, रस्ता तर आहे! नकाशातलं पाणी एका जागी उभं असतं, त्याला कोण काय करणार.

सेसिलियाने आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं. नवरा फिलिप गेला त्या महिन्यातही ती बोटाला शाई लावून आलेली. ह्या वेळी मात्र रविवारची मिस्सा सुटल्यावर क्रूसापाशी गाव जमलं, आणि वाट मोकळी होईस्तोवर मत नाही, असं तिनेच मांडलं. अडली ती मंजुळा, बौद्धवाड्यातली, चिखलातली तिची जोडीदारीण.

"बाबासाहेबांनी दिल्यालं मत हाय, सेसिलिया. मी ते वाया कसं घालवू?"

"वाया नाय घालवाचा. घरान बसलाव तं लोक बोलतील, आलशी हाईत. म्हून त्यांचे दारान जाऊन बसाचा. ज्याला मत पायजे, त्याला आपला कोरा बोट दिसाला पायजे."

मंजुळा सकाळी स्वतःची चटई घेऊन आली.

टॉवरमधली माणसं जवळ्याच्या वासाने नाकाला रुमाल लावून आत जात होती आणि बाहेर येऊन शाईच्या बोटाचे फोटो काढत होती. त्यातली एक तरणी पोर थांबलीच. "आंटी, तुमच्यासारखे लोक व्होट करत नाहीत ना, म्हणूनच काही सुधारत नाही."

"बाय गो, तुजी गाडी उभी रवते ना, ती माजी वाट हाय. आदी ती सुदार."

हवालदार आला. म्हणाला, जमाव करू नका. "कोनाला अडवलाय आमी? जवला निवडताव. घे, घरा ने थोरा." तो हसून निघून गेला.

दुपार झाली. आत गावच्या मतदारांसाठीच्या खोलीतले कर्मचारी जांभया देत होते. रवींद्र डोकावून आला आणि त्याला घाम फुटला. "साहेब, गावचं एक मत पडलेलं नाही. एक पण!" तो फोनवर उमेदवाराला ओरडून सांगत होता. साहेबाने बिल्डरला फोन लावला असणार, कारण थोड्याच वेळात पाने-हातोडे घेतलेली दोन माणसं टेम्पोतून उतरली.

बोल्ट गंजलेले. पहिला पत्रा हलेना. मग बायांनीच पदर खोचले आणि धरून ओढला. तो असा आदळला की टॉवरच्या खिडक्या उघडल्या. बायांनी एकच गिल्ला केला. मंजुळा तर त्या पडलेल्या पत्र्यावर चढून नाचली.

"एक नाय, सगले! न् खांब पन उपटा. खांब ठेवलाव तं सकालला पत्रे परत लागतील."

खांबही निघाले. खाडी उघडी पडली, वाऱ्यासकट, वासासकट.

"आता तरी चला मावशी!" रवींद्रने हात जोडले. "साडेपाचला दार बंद होतं."

मंजुळा कधीच रांगेत पहिली जाऊन उभी होती. तिच्यामागे बाकीच्या. सेसिलियाने खाडीकडे बघितलं. सुकती लागलेली.

"तुजा दार साडेपाचला बंद व्हतं. माजा त्याचे आगुदर."

टोपली घेतली, खांबांच्या ताज्या खड्ड्यांमधून वाट काढली, आणि ती खाली उतरली. गुडघाभर चिखल. काठावरून रवींद्र हाका मारत होता, "मावशी, येणार ना?"

"गप रव! मोठी हाय."

खांद्यापर्यंत हात आत घालून तिने हिरवीकाळी चिंबोरी ओढून काढली, नांग्या बांधल्या, टोपलीत टाकली आणि दुसऱ्या बिळात हात घातला.