उत्तरामागचा चांद

बारावीच्या परीक्षेआधी चोपडा-जळगाव एसटीत मी वही मांडीवर घेऊन इंटिग्रेशन सोडवत होतो. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग असलेले शेजारचे म्हातारे वाकून वही बघत होते. त्यांनी एका उत्तरावर बोट ठेवलं.

"भाऊ, बठ्ठास्ना शेवटले चांद शे. आठे का नही?"

"आबा, हे गणित आहे, केळीचा घड नाही," मी फटकारलं.

पण प्रत्येक उत्तरामागे लागणारा, चंद्रकोरीसारखा इंग्रजी सी तिथे खरंच राहिला होता. याच चुकीने चाचणीत माझे गुण जात. मी हाताआड लपवून तो लिहिला. त्यांना ते दिसलंच.

"लिख भो, लिख," म्हणत ते सरकले आणि माझ्या कोपराला जागा करून दिली. त्या जागेत मी जळगावपर्यंत सुखाने गणितं सोडवली. माफी मात्र मागितली नाही.