डोळे बांधून केलेला चेहरा

असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. नजर, बाधा, अंगात येणं... आमच्या घरात हे शब्द चेष्टेपुरतेच निघायचे. आणि आज हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये, लाज वाटतेय. का, ते वाचून कळेलच.

मागच्या वर्षी शाळा सोडली आणि एक्सप्रेसिव्ह आर्ट्स थेरपीच्या कोर्सला नाव घातलं. ज्यांना दुःख शब्दांत सांगता येत नाही, त्यांना ते चित्र, माती, हालचाल, आवाज यांतून मोकळं करू द्यायचं — असं ते काम. पण आधी सगळं स्वतःवर करून बघायचं. गंगापूर रोडला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवार वर्ग भरायचा. सतरंज्या अंथरलेला हॉल, खिडकीबाहेर गुलमोहर, कोपऱ्यात रंगांचे डबे. शिकवायला मेघनाताई.

माझा हात चित्रकलेत भयंकर. शाळेत फळ्यावर बेडूक काढला की मुलं विचारायची, "मॅडम, बटाटा आहे का?" वर्गातही माझी चित्रं बघून सगळे हसायचे, मीही हसायचे.

प्रज्ञा माझ्याच बॅचला. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, अबोल मुलगी. ती नाशिक रोडला राहायची, मी जेल रोडला, म्हणून येता-जाता ती माझ्या स्कूटरवर मागे बसायची. मी तिला कॉलनीच्या गेटपाशी सोडायचे. घरी आई आहे, एवढंच तिच्याबद्दल माहीत होतं. वर्गात प्रत्येकाने आपापलं काही ना काही सांगितलं होतं, रडून झालं होतं. प्रज्ञाने कधीच काही सांगितलं नाही.

त्या शनिवारी मातीचं सत्र होतं. प्रत्येकीसमोर पाटावर शाडूचा गोळा. मेघनाताईंनी ओढण्यांनी आमचे डोळे बांधले. म्हणाल्या, "काय करायचं ते ठरवू नका. हाताला जाऊ द्या जिकडे जायचंय तिकडे."

मी माती दाबत बसले. खरं सांगते, मला काहीही झालं नाही. शहारा नाही, कुणी जवळ असल्याचा भास नाही. डोक्यात घरचेच विचार. माती गार होती आणि बोटं आपली चालत होती.

"ओढण्या सोडा, सावकाश डोळे उघडा," मेघनाताई म्हणाल्या.

आजूबाजूला वाट्या, घरटी, नुसते गोळे. माझ्यासमोर एक चेहरा होता.

विशीतल्या मुलाचा. रुंद नाक, ओठ किंचित उघडे, एका भुवईत तुटकी रेघ, कानांवर आलेले केस. इतका नीट, की मला वाटलं कुणीतरी मुद्दाम पाट बदलला. पण कोपरापर्यंत माझेच हात भरले होते.

"अगं, छुपी रुस्तम! म्हणे हात चालत नाही!" सगळ्या भोवती जमल्या. कुणी टाळ्या वाजवल्या. मी वेड्यासारखी हसत होते... आतून खूशही झाले होते. तेवढ्यात प्रज्ञा पुढे आली. तिने चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझ्या भावाचा फोटो कुठे बघितलास?"

"कुणाचा भाऊ?"

"नाटक नको ना करू. गेलेल्या माणसाचं असं करतात का गं?"

भाऊ होता हेच मला माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी गाडीवरून पडून गेला, हे तिथेच, सगळ्यांसमोर कळलं. तिने मोबाईल काढून फोटो दाखवला. तोच. भुवईसकट तोच.

मी शपथ घेतली, तर तीही नाटकीच वाटली. प्रज्ञा रिक्षाने निघून गेली.

पुढच्या शनिवारी मेघनाताईंनी मला पुन्हा माती दिली. पुन्हा डोळे बांधले. "तुझ्यावर अविश्वास नाही," असं म्हणाल्या, पण सगळा वर्ग गोल करून बघत होता. मी घामाघूम होऊन मळत राहिले. ओढणी सोडली तेव्हा समोर कणकेच्या उंड्यासारखा गोळा. त्याला दोन भोकं, एवढंच. कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "घरून करूनच आणला असणार," असं कुणीतरी कुजबुजलं, मला ऐकू येईल इतपत.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "फेसबुकवर कधीतरी दिसला असेल, विसरलीस. मेंदू विसरत नाही." मी तेच धरून बसले. पटत होतं असं नाही, पण निदान वेडी किंवा खोटारडी तरी ठरत नव्हते. कोर्स सोडायचा, हेही मनाशी नक्की केलं.

मग प्रज्ञाचाच फोन आला. आवाज कोरडा. "मी आईला बोलून बसले. ती ऐकत नाहीये. तिला तो चेहरा बघायचाय. घेऊन ये."

चेहरा वर्गाच्या कपाटात ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. तो डिकीत ठेवायला मन होईना. पोळ्यांच्या मोठ्या डब्यात घालून पायांशी ठेवला आणि हळूहळू स्कूटर चालवत दुपारी त्यांच्याकडे पोहोचले.

मावशी, म्हणजे प्रज्ञाची आई, दारातच उभ्या होत्या. "जय भीम. ये बाळा." समोरच्या भिंतीवर तोच फोटो, हार घातलेला. मी मान खाली घातली.

चेहरा टेबलावर ठेवला. मला वाटलं, त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि बाळाला न्हाऊ घालताना फिरवतात तसे दोन्ही हात त्याच्यावरून फिरवले. कपाळ, गाल, हनुवटी. मग केसांखाली, उजव्या कानामागे. तिथे बोट थांबलं.

"प्रज्ञा, इकडं ये. हात लाव."

प्रज्ञाने हात लावला. तुरीच्या दाण्याएवढी गाठ होती.

"हे काय?"

"जन्मापासूनची. शाळेत पोरं चिडवायची म्हणून केस वाढवले त्याने. कुणाला हात लावू द्यायचा नाही. तुला पण माहिती नाही."

प्रज्ञा भिंतीवरच्या फोटोजवळ गेली. फोटोत ती गाठ दिसत नव्हती, दिसणं शक्यच नव्हतं. नवऱ्याने दिलेलं कारण तिथल्या तिथे गळून पडलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? पण मावशींनी माझे दोन्ही हात धरले.

"तुला दिसला का तो? कसा होता? काय म्हणाला?"

आयुष्यात कधी कुणी माझ्याकडे असं बघितलं नाही. 'शांत होता, मावशी' — एवढे तीन शब्द पुरले असते. तोंडापर्यंत आलेही होते. पण आपल्या मनातलं दुसऱ्याच्या दुःखात घालायचं नाही, हे तर मी शिकत होते. आणि प्रज्ञा माझ्याकडे बघत होती.

"मला काहीच दिसलं नाही, मावशी. मी... घरी पाण्याची मोटर चालू राहिली का, याचा विचार करत होते."

सांगताना जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. मावशींनी हात सोडले नाहीत. बराच वेळ त्या माझी बोटं निरखत राहिल्या, जणू त्यांत काही उरलंय का ते बघत.

"मोटर," त्या म्हणाल्या. मग अगदी साध्या आवाजात, "मी तर रोज त्यालाच आठवत बसते गं. मग माझ्या हातात का नाही आला?"

प्रज्ञाने पंखा लावला, पाणी आणलं.

कोर्स मी सोडला नाही. प्रज्ञाने वर्गात सगळ्यांना खरं काय ते सांगितलं आणि पुन्हा स्कूटरवर मागे बसू लागली. चेहरा त्यांच्याकडेच आहे. न भाजलेला शाडू वाळून तडकतो. मावशी पाण्यात बोट बुडवून भेगा बुजवतात, त्यामुळे नाक-डोळे आता बरेच पुसट झालेत, असं प्रज्ञा सांगते. मला त्या बोलावतात, मी जात नाही. जे झालं ते कसं झालं, मला माहीत नाही. माती पुढ्यात आली की मी हात मांडीखाली घेऊन बसते. मेघनाताई विचारतात, मी म्हणते, आज रंग द्या.