धुळाची पाळी आणि लॅपटॉपातला पंच

रानाला पाणी नेणाऱ्या चारीत गाळ कुणी आणून टाकत नाही. पाणी वाहतं, गाळ बसतो. किश्श्यांचं तसंच आहे. बावीस वर्षं मी आमच्या चारीवर पाण्याच्या पाळ्या लावतो. शिक्षण चौथी पास. पण माझ्या शब्दावर चारीचं दार उघडतं आणि माझ्याच शब्दावर पडतं. दाराची चावी माझ्या कमरेला असते. यंदा नातीनं लॅपटॉप आणला आणि एका हिवाळ्यात बावीस वर्षांएवढा गाळ बसला. थोडा उपसतो.

नातीचं नाव शर्वरी. सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला कॉलेजात एक लॉजिक प्रोग्रॅम करायचा होता. म्हणजे यंत्राला नियम सांगायचे, दोन्ही बाजूंचं म्हणणं सांगायचं आणि कुणाचं म्हणणं टिकतं ते यंत्रानं सांगायचं. तिनं आमची चारी निवडली.

"तात्या, पाळीचे नियम कुठं लिहिलेत?"

"डोक्यात."

"मग तुम्ही नसल्यावर?"

हा प्रश्न मला आवडला नाही. मी उठून दार बघून आलो. दार ठीक होतं.

*

"नियम किती आहेत?" तिनं विचारलं.

"तीन. पाणी टेलापासून, म्हंजे चारीच्या शेवटापासून, वर द्यायचं. ज्याची पाळी त्यानं रानात हजर राहायचं. गैरहजर राहिला तर पाळी मोडली."

ती टाइप करू लागली. मी सांगू लागलो. सुतक असलं तर पाळी मोडत नाही, शेजाऱ्यानं त्याचं रान भिजवून द्यायचं. पण सुतक गावाला कळवलेलं पाहिजे. गावाला म्हणजे मला. आणि स्वतःच्या फायद्याची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली तर धरायची नाही, दुसरा माणूस पाहिजे. हा शेवटचा नियम माझा स्वतःचा. त्याचा मला अभिमान आहे.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस झाले!

"तात्या, तुम्ही तीन म्हणाला होता."

"तीनच हायत. बाकीचे अपवाद."

*

पहिल्या दिवशी तिनं यंत्राला विचारलं, आज पाणी कुणाला? यंत्र म्हणालं, कुणालाच नाही.

मी चिडलो. समोर चारी भरून वाहत होती!

"तात्या, चारीत पाणी आहे हे आपण त्याला सांगितलंच नाही. त्याला जे सांगितलं नाही, ते त्याच्या लेखी नसतंच."

मग सांगितलं. मग सगळ्या शेतकऱ्यांची नावं घातली. तेवढ्यात धुळा आला. टेलला दोनच रानं आहेत, एक धुळाचं आणि त्याला लागून माझं. धुळाची पिढीजात मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचा तो. बारा वर्षांपूर्वी एका पाळीला तो हजर नव्हता. मी पाळी मोडली आणि ती मोडलेलीच राहिली. यंदा त्यानं निम्मी मेंढरं विकली आणि रानात गहू पेरला. आता पाळी परत मागत होता. पाणी मिळालं नाही तर गहू जागेवर वाळणार.

"पोरी, माजं नाव हाय का त्यात?"

शर्वरीनं विचारून बघितलं. यंत्र म्हणालं, धुळा हा शेतकरी नाही.

धुळा हसला.

"आवं तात्या, यंत्र खरं बोलतंय. आमाला पोरगी देताना बी लोक ह्येच म्हनत्यात!"

*

चारीच्या तोंडाशी सर्जेरावाचं रान. पाणी त्याच्या बांधावरून जातं, म्हणून सगळं पाणी आपलंच असं त्याला वाटतं. एकदा कुणीतरी पाळी नसताना दार उचललं. संशय सर्जेरावावर. त्यानं यंत्रापुढं जबाब दिला.

"त्या दिवशी मी गावातच नव्हतो. आन मी दारापाशी गेलो तवा दार आदीच उघडं व्हतं!"

शर्वरीनं दोन्ही वाक्यं घातली. यंत्र म्हणालं, हा मुद्दा स्वतःलाच पाडतो.

सर्जेराव मिशीवर हात फिरवत म्हणाला, "पडू दे की! पर पाडला कुनी? मीच न्हवं? मग जिंकलो म्हना!"

*

सुतकाचा नियम घातल्याचं सर्जेरावाला कळलं. पुढच्या पाळीला तो हजर नव्हता. म्हणाला, उंब्रजची मावशी गेली. साक्षीला मेव्हणा आणला. यंत्रानं पाळी राखली. त्याच्या पुढच्या पाळीलाही नव्हता. म्हणाला, उंब्रजची मावशी गेली. साक्षीला तोच मेव्हणा. यंत्रानं पुन्हा पाळी राखली!

"अगं, तीच मावशी दोनदा कशी मरंल?" मी ओरडलो.

"माणूस एकदाच मरतो, हे त्याला सांगायचं राहिलं, तात्या."

तिनं ते टाइप केलं. मी बघत होतो. एवढं साधं, पण लिहावं लागलं. सर्जेराव दारातून म्हणाला, "बरं झालं. म्हातारीला बी लय तरास व्हत व्हता."

*

त्या दिवसांत माझं बूड खुर्चीवर टेकत नव्हतं. बसलो की उठायचो, दार बघून यायचो. दार ठीक असायचं. शर्वरी म्हणायची, "तात्या, काय झालंय?" मी म्हणायचो, "कुठं काय."

तिनं मला कागदावर गोल काढून दाखवले. प्रत्येक मुद्दा एक गोल. जो मुद्दा दुसऱ्याला खोडतो, त्याच्याकडून दुसऱ्याकडं बाण. ज्याला बाण लागला तो पडला. पण बाण मारणाऱ्यालाच तिसऱ्यानं पाडलं, तर पहिला परत उभा.

"असं कुटं असतंय? कुस्तीत चितपट झालेला उठून जिंकत न्हाई."

"इथं उठतो, तात्या. त्याच्यासाठी कुणी उभं राहिलं तर."

मी उठून दार बघायला गेलो.

*

एकदा यंत्र थांबेचना. शर्वरीनं नियम शोधले. मी सांगितलं होतं, चारीच्या पाणी-कमिटीची हरकत नसेल तर माझा शब्द शेवटचा. आणि सर्जेरावानं सांगितलं होतं, तात्यांचा शब्द पडल्याशिवाय कमिटी हरकत घेत नाही. यंत्र माझ्याकडून कमिटीकडं, कमिटीकडून माझ्याकडं फिरत बसलं. लॅपटॉप हाताला चटका बसेल एवढा तापला.

"आमची कमिटी बी अशीच चालती," सर्जेराव म्हणाला. "पर तापत न्हाई कुनी."

*

शेवटी धुळाची पाळी आली. म्हणजे त्याच्या पाळीचा निवाडा. गहू पिवळा पडायला लागला होता. यंत्र म्हणेल ते मान्य, असं धुळा म्हणाला. मीही म्हणालो. माणसांसमोर म्हणालो, त्यामुळं मागं फिरता येईना.

शर्वरीनं फळ्यावर गोल काढले आणि एकेक वाचत गेली.

"धुळामामा गैरहजर होते, म्हणून पाळी मोडली. हा पहिला मुद्दा. त्यांची आई मेढ्याकडं डोंगरात कळपावर असताना गेली होती, सुतक होतं, म्हणून पाळी मोडत नाही. हा दुसरा. तो पहिल्याला पाडतो. पण सुतक गावाला कळवलं नव्हतं. हा तिसरा. तो दुसऱ्याला पाडतो. धुळामामा म्हणतात, मी स्वतः येऊन तात्यांना सांगितलं. पण ते त्यांच्या फायद्याचं आहे आणि त्यांच्याच तोंडचं. तात्यांच्या नियमानं धरता येत नाही. दुसरा माणूस पाहिजे."

"दुसरं कोन व्हतं तितं?" सर्जेरावानं विचारलं.

"दोघंच व्हतो," धुळा म्हणाला. "मी आन तात्या."

शर्वरी माझ्याकडं वळली. "तात्या, एकच जागा रिकामी आहे. निरोप आला होता का?"

मी उठलो. खिडकीपाशी गेलो. चारी भरून चालली होती. परत येऊन बसलो. पुन्हा उठलो.

"काही सांगितलं नाही तर ते 'नाही' धरणार," ती हळूच म्हणाली.

ते मला ठाऊक होतं. खोटं बोलायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसलो असतो तरी भागत होतं. बारा वर्षं भागलंच होतं.

"आलता," मी म्हणालो. "पाळीच्या आदल्या दिशी दारापाशी आलता. डोकं भादरलेलं व्हतं. म्हनला, आई गेली. मी म्हनलो, बरं. त्याचा शेजारी मीच. रान भिजवून द्यायचं माज्याकडं व्हतं. मी पानी माज्या कांद्याला घेतलं."

शर्वरीनं टाइप केलं. फळ्यावरचा तिसरा गोल पुसला. दुसरा उभा राहिला, पहिला पडला. यंत्र म्हणालं, धुळाची पाळी उभी.

सर्जेराव टोपी झटकत बसला.

मी कमरेची चावी सोडली आणि टेबलावर ठेवली. धुळानं ती उचलून परत माझ्या हातात दिली.

"तात्या, तवा नुसतं मागितलं असतं तर आरदी पाळी मीच दिली असती की. तुमचा कांदा सुकत व्हता, मला काय दिसत न्हवतं व्हय? औंदा बी सुकतोय. पयलं माजा गहू भिजू द्या, मग निम्मं पानी तुमच्याकडं वळवा."

शर्वरीची बोटं लॅपटॉपवर तशीच राहिली.

"तात्या, हे कुठल्या नियमात घालू?"

मी चावी घेऊन बाहेर पडलो. दार उघडायचं होतं.