ओव्हरटाइमच्या बदल्यात दूध

बाबा कामावरून यायचे तेव्हा त्यांच्या केसांत, सदऱ्याच्या खिशात पितळेची बारीक, सोनेरी वेटोळी अडकलेली असत. घाटकोपरच्या एका कारखान्यात ते लेथवर तोफगोळ्यांची टोपणं बनवायचे. लष्कराची ऑर्डर, त्यामुळे ओव्हरटाइम भरपूर. मी ती वेटोळी उन्हात धरून बघत बसायची. युद्ध म्हणजे काहीतरी झगमगतं असणार, अशी माझी ठाम समजूत होती.

आई टेकडीवरच्या बुद्धविहारात बालवाडी चालवायची. तिथल्या मुलांना सरकारकडून पावडरीचं दूध मिळे. मी आठ वर्षांची असताना ते बंद झालं. ‘वरून पैसेच आले नाहीत,’ आई म्हणाली. दूध नाही म्हटल्यावर मुलं गळू लागली, आणि मुलं कमी झाली की बालवाडीला कुलूप, हे ठरलेलं. एक चिमुरडी मात्र आपला पेला घेऊन रोज यायची. आई त्यात पाणी ओतायची आणि तोंड फिरवायची.

बजेटच्या संध्याकाळी शेजारीपाजारी आमच्या रेडिओभोवती जमले. कुणाला सिगारेटची काळजी, कुणाला साबणाची. आई बालवाडीचं नाव येतंय का म्हणून कान देऊन बसलेली. नाव आलं ते संरक्षणाचं, तेही कोट्यवधी रुपयांसकट.

‘त्यातलं चिमूटभर इकडे दिलं तर काय बिघडेल हो यांचं?’ आई म्हणाली.

‘माझा ओव्हरटाइम बिघडेल,’ बाबा हसत म्हणाले.

मला तो उपाय एकदम पटला. दुसऱ्या दिवशी मी पोस्टकार्ड लिहिलं: ‘आमच्या बाबांचा ओव्हरटाइम बंद करा आणि ते पैसे आईच्या मुलांना दुधासाठी द्या.’ पत्ता: सरकार, दिल्ली. अक्षर फार सुरेख काढलं होतं.

आणि काही महिन्यांनी ओव्हरटाइम खरंच बंद झाला. ऑर्डर कमी झाली म्हणे. मला काय ते ठाऊक होतं. मी कितीतरी दिवस जमिनीच्या वीतभर वरून चालत होते. रोज शाळा सुटली की विहारात धावायची, दूध आलं का बघायला. दूध काही येईना. इकडे घरात चहातली साखर कमी झाली, बाबा पाचलाच येऊन दारात बसू लागले. त्यांच्या केसांत आता काही चमकत नसे. मला भयंकर अपराधी वाटायचं.

शेवटी राहवेना. रडत रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, दोन धपाटे नक्की. बाबांनी मला जवळ बसवून घेतलं.

‘दुधाचं नीट लिहिलं होतंस ना?’

‘हो.’

‘मग माझे पैसे तर गेले. ते गेले कुठे गं?’

 

त्याच महिन्यात बालवाडी बंद झाली. दुसऱ्या दिवशी ती चिमुरडी पेला घेऊन थेट आमच्या दारात उभी. आई आत चुलीशी होती, ती बाहेर आलीच नाही. बाबांनी आपला चहा उचलला, फुंकून थोडा निववला, आणि अर्धा तिच्या पेल्यात ओतला.