बेटावरचा बेचाळिसावा

समुद्रातल्या उष्ण बेटांवर हिंडून तिथल्या पक्ष्यांच्या पहिल्या याद्या ज्यांनी केल्या, ते गृहस्थ म्हातारपणी मुळशीला आले आणि आमच्या माडीवर भाड्याने राहिले. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. धरणात बुडता बुडता राहिलेली एक टेकडी खिडकीतून दिसे. ती पाहून ते म्हणाले, "अहो, इथंही बेट आहे की! याची यादी कुणी केलीय?"

कुणीच केली नव्हती. त्यांचे गुडघे होडीत चढू देत नव्हते, म्हणून दर रविवारी मी जायचो आणि दिसलेले पक्षी मोजून त्यांना सांगायचो. एकदा मी "बहुतेक पाच" म्हणालो, तर पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "'बहुतेक' नावाचा पक्षी मला कुठल्याच बेटावर भेटला नाही."

आमची मंडळी चुलीपासून ओरडायची, "पाखरं मोजताय व्हय? आदी कोंबड्या मोजा. एक कमी हाय."

मोजल्या. खरंच एक कमी होती.

वर्षभरात एकेचाळीस जाती झाल्या. "ही माझी शेवटची यादी," ते म्हणत, "आणि हिच्यात शीळकरी कस्तूर नाही!" हा पक्षी थेट माणसासारखी शीळ घालतो. एका रविवारी होडी काठाला लागण्याआधीच मी ती ऐकली. सांगितल्याबरोबर त्यांनी बेचाळिसावं नाव शाईने लिहिलं आणि दोन कप चहा प्याले.

पुढच्या रविवारी शीळ पुन्हा आली. मागावर गेलो, तर करवंदीच्या जाळीआड एक धनगर आणि त्याच्या शेळ्या.

"मीच की," तो म्हणाला. "पानी उतरलंय, तवा पल्याडनं शेरडं चालवत हितं आणली. का वो, पाखरू वाटलो व्हय?"

घरी मंडळी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की तसंच. म्हातारं लई खूश हाय."

मी जेवणाआधीच माडीवर जाऊन सांगून टाकलं. त्यांनी वही उघडून बेचाळिसावं नाव पाहिलं. मग ठसका लागेपर्यंत हसले. नावावर एकच बारीक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: धनगर, नर, एक.

"शेळ्या किती?"

"अकरा."

"खात्रीने?"

"दोनदा मोजल्या."

ते गेल्यावर वही माझ्याकडे आली. पुढे एका रविवारी तीच शीळ ऐकली. आधी सगळं बेट फिरून धनगर शोधला. नव्हता. तरी पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत ओढ्याशी बसून राहिलो, आणि मगच तो धनगराच्या खाली लिहिला.