मधला रिकामा रकाना

आमच्या मोठ्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्यांना स्वस्थ बसलेलं मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा त्या अर्ध्या उठलेल्या असतात. पण त्या दिवशी त्या दुपारी बाराला कामावरून घरी आल्या, चप्पल न काढता दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल गं माझ्याबरोबर. एकटीने जाववत नाहीये."

पायात दोष असलेल्या लोकांसाठी खास बूट बनवणाऱ्या एका ठिकाणी ताई काम करतात. मोठा कारखाना वगैरे नाही, दोनच खोल्या. बाहेर टेबल, कॉम्प्युटर आणि माप घ्यायची खुर्ची. आत चामड्याचा वास आणि मिस्त्री. पूर्वी सगळी मापं वह्यांत असत. एखाद्याचं जुनं माप हवं असलं की ताई सात वह्या उपसायच्या आणि तो माणूस खुर्चीत अनवाणी ताटकळत बसायचा. मग शेचाळिसाव्या वर्षी ताईंनी क्लासला जाऊन एक्सेल शिकून घेतलं आणि चारशे माणसं एकटीने त्यात भरली. डावीकडे नाव, पत्ता, फोन. उजवीकडे दोन्ही पायांची मापं, तळाची जाडी आणि शेवटी शेरा: 'टाच दुखते', 'करंगळी नाही', 'संवेदना नाही'.

त्याचा उपयोगही झाला, उगाच नाही म्हणायचं कशाला! कोणती मुलं आठ महिन्यांत आली नाहीत ते शीट एका क्षणात दाखवायची. वाढत्या वयाची मुलं ती, त्यांना बूट तोकडे होणारच. ताई फोन करायच्या. एका मुलीची आई चकित होऊन म्हणाली होती, "अहो, ती लंगडायला लागलीय हे तुम्हाला तिथे बसून कसं कळलं?" त्या दिवशी ताई घरभर तरंगत होत्या. त्याच भरात त्यांनी डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे रद्दीत देऊन टाकले. म्हणाल्या, "सगळं आत आहे आता."

बसमध्ये त्यांनी मला काय झालं ते सांगितलं. सांगताना पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

नऊ दिवसांपूर्वी त्यांना नावं अकारविल्हे लावायची होती. एक बटण दाबलं, नावं सुरेख लागली, फाईल सेव्ह झाली. पण डावा भाग आणि उजवा भाग यांच्यामध्ये त्यांनी एक रकाना रिकामा सोडला होता, नुसता डोळ्यांना बरा दिसावा म्हणून. यंत्राला वाटलं शीट तिथेच संपली. डावीकडची नावं, पत्ते, फोन हलले. उजवीकडची मापं जागच्या जागी. म्हणजे प्रत्येकाच्या नावासमोर दुसऱ्याच कुणाचा तरी पाय. मिस्त्री शीटवरून निघालेल्या चिठ्ठीबरहुकूम बूट शिवत राहिले आणि बूट कुरिअरने जात राहिले.

आज सकाळी एक शिक्षक आले. त्यांचा डावा पाय आखूड. जाड तळ लावलेला, पण उजव्या बुटाला. टेबलावर बूट आपटून म्हणाले, "बाई, आधी मी थोडाच तिरका होतो. तुम्ही मला पार आडवाच करणार!"

मिस्त्री आतून म्हणाले, "तरी मी म्हणत होतो. त्या डब्याला स्वतःला पाय आहेत का?"

मालकांना महिन्यापूर्वी पाठवलेली फाईलची प्रत मेलमध्ये सापडली, तिच्यावरून बहुतेकांची मापं जुळली. पायाला संवेदना नसलेले दोघे त्यात निघाले. त्यांचे बूट सुदैवाने अजून कपाटातच होते. पण ती प्रत पाठवल्यानंतर सहा नवी माणसं आली होती. सहा नावं एकीकडे, सहा मापं दुसरीकडे, आणि त्या सहांत एका मापापुढे शेरा: 'संवेदना नाही'. ते माप मिस्त्रींनी घेतलं तेव्हा ताई रजेवर होत्या. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "मी पाय ओळखतो, चेहरा नाही." डॉक्टरांच्या नव्या चिठ्ठ्याही हल्ली शीट भरली की सरळ रद्दीतच जायच्या.

"तुला कळतंय का," ताई मला म्हणाल्या, "बाकीच्यांना बूट चावला तर ते येऊन मला शिव्या देतील. ह्या माणसाला चावलेलं कळणारच नाही. जखम चिघळेल, तरी तो चालत राहील."

त्यांनी सहाही जणांना फोन लावले होते. एकीला विचारलं, पायाला स्पर्श कळतो का? ती उसळून म्हणाली, "कळतो का म्हणजे? तुमच्या बुटाने चांगलाच कळतोय!" पाच जण असेच बोलले. सहाव्याचा फोन बंद. तेव्हा तोच.

बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. एक बाई पिशव्या चढवायला वेळ लावत होती, तर ताई तिच्याकडे अशा बघत होत्या की मलाच लाज वाटली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. त्याच्याकडे काही मागण्यात मला संकोच वाटतो, पण त्या दिवशी मागितलं.

इमारत जुनी, तिसरा मजला. दार एका बाईंनी उघडलं. ताईंनी धापा टाकत विचारलं, तर त्या कौतुकाने म्हणाल्या, "ते ना, गच्चीवर फेऱ्या मारतायत. फोन पाण्यात पडलाय त्यांचा. पण नवे बूट आल्यापासून स्वारी घरात टिकतच नाही बघा!"

ताई उरलेले जिने अक्षरशः पळत चढल्या.

गृहस्थ निवृत्त बसचालक होते, भरदार, हसतमुख. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छे छे! काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. एकदम मऊ आहेत. लोणी!"

"काका, बूट काढा."

"अहो पण..."

"काका, पाया पडते. काढा आधी."

ते कठड्यावर बसले. उजवा बूट ओढूनच काढावा लागला. मोजा टाचेपाशी तपकिरी होऊन चिकटला होता. ताईंनी तो पाण्याने भिजवून हळूहळू सोडवला. आत रुपयाएवढी उघडी जखम. काका मान वाकडी करून आपल्या टाचेकडे परक्यासारखे बघत राहिले.

"आयला," ते हळूच म्हणाले, "माझाच पाय, आणि मलाच बातमी नाही."

त्यांच्या बायकोने तोंडावर पदर धरला. ताईंनी त्यांना धीर दिला नाही. त्यांना तो स्वतःलाच देता येत नव्हता. रिक्षा करून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखम साफ केली, म्हणाले वरवरची आहे, भरेल. पण पाय टेकवायचा नाही, आणि रोज बघत राहायचं. तेव्हा कुठे ताई बाकावर टेकल्या, आणि लगेच उठून मालकांना फोन केला. "सापडले. जखम झालीय. चूक माझी आहे, मिस्त्रींना काही बोलू नका." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. त्या नुसत्या "हो" म्हणत राहिल्या.

नोकरी राहिली. मी विचारलं, "आता पुन्हा वह्या?"

"छे! ती लंगडणारी मुलगी वहीत कधी सापडली असती का?" म्हणाल्या. रिकामा रकाना त्यांनी काढून टाकला. प्रत्येक माणसाला दिलेला नंबर आता नावापाशीही असतो आणि मापापाशीही. संध्याकाळी प्रत निघते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या फाईलला लागतात. एवढं करूनही त्या शीट दोनदा तपासतात आणि तिसऱ्यांदा उघडतात.

काकांची जखम भरायला सात आठवडे लागले. ती भरूनही आता वर्ष झालं. पण सकाळचा चहा निवत ठेवून ताई अजून त्यांना फोन लावतात.

"काका, मोजा काढला का? ... नाही, कसं वाटतंय ते विचारत नाहीये मी. काकूंना बघायला सांगा. काय दिसतंय तेवढंच सांगा."