साक्षीशिवाय भाकर नाही

आमच्या ह्यांचं पहिलं प्रेम मी नव्हे, काही शतकांपूर्वी वारलेला एक प्युरिटन पाळक. इंग्लंडच्या राजाच्या चर्चची रीत पटेना म्हणून जहाजात बसून अमेरिकेच्या रानात गेलेला, तिथल्या थंडीत पोटची मुलं पुरलेला आणि तरीही रोज स्वतःचंच मन खरवडून पाहणारा. नगरकडे ह्यांच्या पणजोबांना बाप्तिस्मा दिला तो त्याच परंपरेतल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी, त्यामुळे हे त्याला घरातलाच थोरला मानतात. आठवडाभर दुबईत अल बर्शाच्या ऑफिसात नोकरी करायची आणि रविवारी शारजात, चर्चच्या आवारातल्या भाड्याच्या हॉलमध्ये आमच्या छोट्या मराठी मंडळीचं पाळकपण करायचं, असा ह्यांचा संसार.

त्या पाळकाचा एक नियम ह्यांनी उचलला. देव आपल्याशी कधी आणि कसा बोलला याची साक्ष सगळ्यांसमोर दिल्याशिवाय प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीने वाटतात ती, भाकर मिळणार नाही. मंडळीने माना डोलावल्या. इकडे आलेली माणसं इंटरव्ह्यूला थोडीच घाबरतात. कुणाला देव व्हिसा रिजेक्ट झाला तेव्हा भेटला, कुणाला ऑपरेशन थिएटरच्या दारात. एकाची साक्ष ऐकून पुढचा आपली सुधारून घ्यायचा. मला हसू यायचं आणि ह्यांचे डोळे भरून यायचे.

मग आमच्या मुलीची पाळी आली. ती नोकरीसाठी कॅनडाला निघाली होती. जाण्याआधी एकदा पप्पांच्या हातून भाकर घ्यायची, एवढीच तिची इच्छा होती. ती उभी राहिली.

"पप्पा, आय हॅव वेटेड. आय हॅव प्रेड. नोबडी स्पोक टू मी. आय वोन्ट मेक इट अप."

ह्यांनी भाकरीचं ताट तिला न देता तिच्यासमोरून पुढे नेलं. ती खाली बसली. मला ह्या माणसाचा इतका राग आला की माझ्या हातातला तुकडा मी परत ताटात ठेवला.

उपासनेनंतर मुलगी मैत्रिणीकडे निघून गेली. आम्ही दोघंच अल नहदाला घरी परतत होतो. सिग्नलला गाडी थांबली तसं मी तोंड सोडलं.

"अहो, सगळ्या मंडळीत खरं बोलली ती एकटी. आणि तिलाच उपाशी ठेवलंत?"

सिग्नल सुटला, ह्यांनी गाडी पुढे काढली. मग म्हणाले, "माझ्याशीही कुणी बोललेलं नाही. मी देतो ती साक्ष माझ्या वडिलांची आहे. वाटायचं, देत राहिलो तर एक दिवस माझी होईल."

मला आधी हायसंच वाटलं. "मग खलास, प्रश्नच मिटला. पुढच्या रविवारी तिला भाकर द्या."

"कुठल्या अधिकाराने देऊ?"

बाप म्हणून द्या, असं ओठावर आलं होतं. पण ह्यांचा चेहरा पाहून बोलवेना.

पुढच्या रविवारी ह्यांनी मेजावर भाकरीला झाकलेलं पांढरं कापड उचललंच नाही. कुणालाच भाकर मिळाली नाही. लोक कुजबुजत घरी गेले, आणि त्यातले बरेच नंतर फिरकलेच नाहीत.

त्याच आठवड्यात मुलगी निघाली. एअरपोर्टवर सामान देऊन झाल्यावर ती ह्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "देन जस्ट ब्लेस मी, पप्पा," म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले, शब्द येईना. ती तशीच वाट पाहत उभी होती, आणि मला रडू आवरत नव्हतं. शेवटी ह्यांनी हात काढून घेतला. तिने डोळे उघडले, पासपोर्ट सावरला आणि आत गेली.